भक्षक पेशी बुरशीला ओळखतात कशा?

‘पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक’ हे वाक्य आपण सर्वांनी शिकलेले आहे आणि वर्गात शिकवलेलेही आहे. ते चूक नाही; पण त्यात एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. सैनिक शत्रूला गणवेशावरून ओळखतो. पेशीला ना डोळे, ना मेंदू. मग समोर आलेला कण शरीराचाच आहे की बाहेरून शिरलेला बुरशीचा बीजाणू आहे, हे तिला कळते कसे? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. या शोधाच्या आरंभी एक बुरशी आहे आणि त्याच्या निर्णायक वळणावरही बुरशीच आहे.

मेसिनातील काटा

इल्या मेचनिकॉफ (१८४५–१९१६) हे वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. ओडेसा विद्यापीठातील राजकीय अशांततेला कंटाळून त्यांनी १८८२ साली प्राध्यापकपद सोडले आणि ते सिसिली बेटावरील मेसिना या गावी गेले. तेथे ते तारामाशाच्या अळ्यांचा अभ्यास करीत होते. या अळ्या पारदर्शक असतात. त्यामुळे शरीरात इकडेतिकडे फिरणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसतात. या पेशी अन्नकण गिळतात, हे त्यांना माहीत होते. मग बाहेरून घुसलेल्या वस्तूवरही त्या अशाच धावून जात असतील काय? त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे आणून अळ्यांच्या त्वचेखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी जमलेली होती. या पेशींना पुढे ‘फॅगोसाइट’, म्हणजे भक्षक पेशी, हे नाव मिळाले.

परंतु काटा हा काही रोगजंतू नव्हे. पेशी रोगापासून बचाव करतात, हे दाखवायचे तर खरा रोग हवा होता.

डाफ्नियाचा आजार

तो रोग त्यांना डबक्यातल्या पाण्यात सापडला. डाफ्निया हा गोड्या पाण्यात राहणारा, काही मिलिमीटर लांबीचा कवचधारी प्राणी. तोही पारदर्शक. त्याला एका यीस्टसारख्या बुरशीचा संसर्ग होतो. या बुरशीचे बीजाणू सुईसारखे लांब व दोन्ही टोकांना अणकुचीदार असतात. डाफ्निया अन्नाबरोबर ते गिळतो. सुई आतड्याची भिंत भेदून देहपोकळीत शिरते. शिरताक्षणी रक्तातील पेशी तिला चिकटतात. कधी एकच पेशी, तर कधी अनेक पेशी मिळून तिला वेढतात. काही काळाने बीजाणू पिवळसर-तपकिरी होतो, त्याची कड वेडीवाकडी होते आणि शेवटी त्याचे कण उरतात. डाफ्निया वाचतो.

नेहमीच असे घडत नाही. एखादा बीजाणू पेशींच्या तावडीतून सुटला, तर तो रुजतो. त्याला मुकुल फुटतात, त्यांना आणखी मुकुल फुटतात. बुरशीची संख्या वाढली की पारडे फिरते. आता भक्षक पेशीच नष्ट होऊ लागतात. डाफ्निया दुधासारखा पांढरा पडतो आणि मरतो.

मेचनिकॉफ यांनी हे निरीक्षण १८८४ साली प्रसिद्ध केले. जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग झालाच असे नाही. जंतूची वाढ आणि पेशींचा हल्ला यांच्यातील शर्यतीत कोण पुढे राहते यावर निकाल ठरतो, हा त्यातला मोठा विचार. या बुरशीच्या गटाला पुढे त्यांच्या नावावरून ‘मेचनिकोविया’ असे नाव देण्यात आले.

पेशी की सीरम?

हा विचार सहज स्वीकारला गेला नाही. पांढऱ्या पेशी जंतूंना शरीरभर पसरवतात, असेच तेव्हा अनेक वैद्य मानत. त्यातच १८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिले की धनुर्वाताला प्रतिकारक्षम बनवलेल्या प्राण्याच्या सीरममध्येच संरक्षक गुण असतो. मग पेशींची गरज काय? हा वाद वर्षानुवर्षे चालला. मेचनिकॉफ १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. ओडेसातील त्यांचे विद्यार्थी वाल्देमार हाफकिन हेही तेथे आले. हेच हाफकिन पुढे मुंबईत आले आणि १८९७ च्या आरंभी त्यांनी प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

वादातून मार्ग काढला तो आल्मरॉथ राइट आणि स्ट्यूअर्ट डग्लस यांनी. १९०३ साली त्यांनी दाखवले की सीरममधील काही द्रव्ये जंतूंवर बसतात आणि मग भक्षक पेशी ते जंतू अधिक सहज गिळतात. या द्रव्यांना त्यांनी ‘ऑप्सोनिन’ म्हटले. जेवण तयार करणे या अर्थाच्या जुन्या शब्दावरून. कोरड्या भाकरीवर तूप लावावे तसा हा प्रकार! म्हणजे पेशी आणि सीरम एकमेकांचे सहकारीच होते. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि सीरमपक्षाचे पॉल एर्लिश यांना विभागून मिळाले, ते योग्यच झाले.

ओळख पटते ती भिंतीवरून

तरीही मूळ प्रश्न उरलाच. सीरमची मदत नसतानाही पेशी यीस्ट गिळते, ते कशाच्या आधारावर? १९८९ साली अमेरिकेतील चार्ल्स जेनवे यांनी एक तर्क मांडला. जंतूंच्या अंगावर काही रेणूरचना अशा असतात की त्या आपल्या शरीरात कोठेच नसतात; या रचना ओळखणारे ग्राहक रेणू आपल्या पेशींवर जन्मतःच असले पाहिजेत. १९९६ साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ब्रूनो लमेत्र, झ्यूल ऑफमान व सहकाऱ्यांना फळमाशीत आधार सापडला. ‘टोल’ हा जनुक बिघडलेल्या माश्या ॲस्परजिलस बुरशीला बळी पडत. मेलेल्या माशीवर बुरशीचे रान माजे. या कामासाठी ऑफमान २०११ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

आपल्या भक्षक पेशींवरचा बुरशी ओळखणारा एक प्रमुख ग्राहक रेणू २००१ साली गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी दाखवून दिला : डेक्टिन-१. बुरशीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकान नावाची शर्करांची साखळी असते. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही, म्हणून बीटा-ग्लुकानही नाही. डेक्टिन-१ ला ते जाणवले की पेशीचे आवरण पुढे सरकते, बुरशीला कवेत घेते आणि आत ओढते. त्या पिशवीत आम्ल, पाचकरस आणि ऑक्सिजनची तीव्र संयुगे सोडली जातात.

बुरशीही गप्प बसत नाही. कँडिडा आपले ग्लुकान दुसऱ्या थराखाली झाकून ठेवते. ॲस्परजिलसचे सुप्त बीजाणू प्रथिनाचा अंगरखा पांघरतात; रुजण्यासाठी फुगले की तो फाटतो आणि ओळख उघड होते.

२०२१ चा धडा

ही शर्यत किती खरी आहे, हे महाराष्ट्राने २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत पाहिले. म्युकरमायकोसिस घडवणाऱ्या बुरशींचे बीजाणू माती-धुळीत सर्वत्र असतात. श्वासावाटे ते आपण नेहमीच आत घेतो आणि भक्षक पेशी त्यांचा निकाल लावतात. पण अनियंत्रित मधुमेहाने या पेशी दुबळ्या होतात आणि स्टेरॉइडमुळे त्यांचे काम आणखी मंदावते. मग बीजाणू रुजतो, त्याचे लांब तंतू होतात. एवढा तंतू एका पेशीला गिळता येत नाही. तंतू रक्तवाहिन्यांत घुसतात आणि रक्तपुरवठा तुटलेला भाग काळा पडतो. ‘काळी बुरशी’ हे नाव त्यावरून पडले. काळी असते ती मेलेली ऊती. अनेकांनी डोळा गमावला, अनेकांनी प्राण. डाफ्नियात दिसलेलीच गोष्ट ही; बीजाणू आधी की पेशी आधी, एवढाच प्रश्न.

वर्गात याची एक झलक दाखवता येते. मेचनिकॉफ यांनी एकपेशीय प्राण्यांना निळ्या लिटमसचे कण खाऊ घातले. गिळल्यावर ते लाल झाले, म्हणजे आत आम्ल होते. आपण काँगो रेडने रंगवून उकळलेले यीस्ट पॅरामेशियमला देऊ शकतो. रंगाची भुकटी हाताळण्याचे काम मात्र शिक्षकांनीच करावे. गिळलेले लाल यीस्ट काही वेळाने निळसर होताना दिसते. ते दिसले की विद्यार्थ्यांना विचारावे : गिळणे तर दिसले, पण आपल्या रक्तातील पेशीला यीस्ट गिळण्यापूर्वी काय कळावे लागते?