हिब्रू भाषा : मराठी भाषकांतील अध्ययन

यहुदी धर्मग्रंथांची आणि आजच्या इस्राएलची भाषा. महाराष्ट्रात ती मुख्यत्वे बेने इस्राएल समाजात शिकली गेली. कोकणात तेल गाळणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखला जाणारा हा समाज पिढ्यानपिढ्या मराठीच बोलत आला. हिब्रू ही त्याच्या प्रार्थनेची भाषा. नित्य व्यवहारातले धार्मिक शब्दही मराठीच होते : रोश हशाना हा ‘नव्याचा सण’, योम किप्पुर ‘दारफळणीचा सण’, तिशा बआव ‘बिरड्याचा सण’, तर प्रार्थनामंदिर म्हणजे ‘मशीद’.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी या समाजाला हिब्रू प्रार्थना आणि विधी शिकवले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये बेने इस्राएलांसाठी हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून छापले. वल्हांडणाच्या रात्री वाचली जाणारी ‘हगादा’ 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह निघाली. जोसेफ यहेजकेल राजपूरकर (1834–1905) यांनी अनेक प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. हाईम समुएल केहिमकर यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये मुंबईत सुरू झालेली इस्राएली शाळा पुढे सर एली कदूरी शाळा झाली.

नित्याचे शब्द : 1948 नंतर हजारो बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिथे प्रार्थना मुखोद्गत असून भागेना. बाजारात, बसमध्ये, कामावर बोलायची हिब्रू नव्याने शिकावी लागली. नवागतांच्या भाषावर्गाला ‘उल्पान’ म्हणतात. सुरुवातीचे शब्द असे : शालोम (नमस्कार, मूळ अर्थ शांती, क्षेम), तोदा (आभार), बेवाकाशा (कृपया), स्लिख़ा (माफ करा), बोकेर तोव (शुभ सकाळ), केन (हो), लो (नाही), मायिम (पाणी), लेख़ेम (पाव), बायित (घर), इमा (आई), आबा (वडील). भाव विचारायचा तर ‘कामा झे ओले?’ म्हणजे ‘हे कितीला?’

मराठी भाषकाला सोपे-अवघड : ‘मी शिकतो’ आणि ‘मी शिकते’ हा भेद हिब्रूतही आहे : पुरुष ‘अनी लोमेद’ म्हणतो, स्त्री ‘अनी लोमेदेत’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे मुद्दाम समजून घ्यावे लागते, मराठी माणसाला ते अंगवळणी पडलेले असते. नपुंसकलिंग मात्र हिब्रूत नाही. ‘त्सादी’ या अक्षराचा उच्चार ‘चूल’मधल्या ‘च’सारखा, ‘ख़’ घशातून येतो आणि दखनी-उर्दू ऐकत वाढलेल्याला तो परका वाटत नाही.

कस लागतो तो लिपीत. 22 अक्षरे, उजवीकडून डावीकडे लेखन, आणि वर्तमानपत्रांत व पाट्यांवर स्वरचिन्हे बहुधा नसतात. इथे शब्दाचे मूळ ओळखणे कामी येते. ल-म-द या तीन व्यंजनांपासून लोमेद (शिकतो) आणि तालमीद (विद्यार्थी) हे शब्द होतात. धर्मशास्त्राच्या ‘तालमूद’ या ग्रंथाचे नावही त्याच मुळाचे. म्हणून सुटे शब्द घोकण्यापेक्षा एका मुळाचे शब्द एकत्र शिकावेत.

सद्यःस्थिती : इस्राएलमधील पुढच्या पिढ्यांची बोलीभाषा हिब्रू झाली. मराठी टिकावी म्हणून तेथून 1985 पासून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघू लागले. ज्या समाजाने मराठीच्या आधाराने हिब्रू शिकली, त्याच्याच नातवंडांना आता हिब्रूच्या आधाराने मराठी शिकता येईल. त्यासाठी दोन्ही भाषांची वाचनपुस्तके जपणे अगत्याचे आहे.