न झालेल्या कुस्त्या

जगतपुऱ्यात मंडळाचा कार्यक्रम आटोपला, चहापान झाले, तरी मंडळी लगेच घराकडे वळत नाहीत. चार खुर्च्या एकत्र येतात, आणि त्यांत कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडची माणसे असली, तर गोष्ट हटकून कुस्तीवर येते. मग वाद ठरलेला : गामा श्रेष्ठ की गणपतराव आंदळकर? मारुती माने आणि खाशाबा जाधव एकाच हौद्यात उतरले असते, तर पाठ कोणाची लागली असती? कोणीही न पाहिलेल्या या कुस्त्यांचे निकाल प्रत्येकाजवळ तयार असतात. सुवर्णमहोत्सवी अंकाच्या निमित्ताने हाच वाद वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हा नाद केवळ आपल्यालाच आहे असे नव्हे. जड वजनाचे जगज्जेते मुष्टियोद्धे रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली यांची जोड अमेरिकेत १९६९ साली अशीच लावण्यात आली. मार्सियानो १९५६ साली अपराजित निवृत्त झालेला. अलीला लष्करात जाण्याचे नाकारल्यामुळे रिंगण बंद झालेले. दोघांची सारी माहिती संगणकात भरली, दोघांना कॅमेऱ्यापुढे लुटुपुटीचे लढविले आणि निरनिराळे शेवट चित्रित करून ठेवले. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकन प्रेक्षकांनी चित्रपट पाहिला, तेव्हा तेराव्या फेरीत अली कोसळला होता. युरोपात दाखविलेल्या प्रतीत मात्र अलीच जिंकल्याचे सांगतात. मार्सियानोला यांतले काहीच पाहता आले नाही. १९६९ च्या ऑगस्टातच त्याचा विमान अपघातात अंत झाला होता. संगणक झाला तरी त्याने निकाल दिला तो बघणाऱ्यांचे तोंड पाहून!

मग कालखंड बदलला की मल्लाचे बळ मोजायचे कशाने? आमच्या मते याचा उत्तम दाखला गामाच्याच चरित्रात सापडतो. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को यांची कुस्ती झाली. गामाची उंची बेताची, झबिस्को वजनाने पुष्कळच भारी. गामापुढे निभाव लागत नाही असे दिसताच झबिस्को गादीला पोट चिकटवून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गेला, तरी त्याची पाठ काही लागली नाही आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठ दिवसांनी पुन्हा गाठ ठरली, तर झबिस्को आलाच नाही. पुढे १९२८ च्या जानेवारीत हेच दोघे पतियाळ्यास भेटले. दोघेही पन्नाशीच्या आसपास आलेले. या खेपेस गादीऐवजी माती होती, आणि मिनिटभराच्या आत झबिस्को चीत झाला. माणसे तीच, बदलली ती जमीन, हवा आणि रिवाज. एकाच जोडीचे असे दोन निकाल लागू शकतात, तर पन्नास वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोघांचा निकाल आपण खुर्चीत बसून कसा लावणार?

आपली मातीची कुस्ती हे एक निराळेच शास्त्र आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ सालच्या विलायतेच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. १९१२ साली ते खुले झाले. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली तांबडी माती अंगाला धरते, पायाला जड करते. तेथे घड्याळाचा धाक नव्हता. निकाली कुस्ती म्हणजे पाठ लागेपर्यंत कुस्ती. जोड वस्तादांनी नजरेने ठरवायची. तराजूचे काम नाही. दम, धीर आणि ताकद यांना तेथे महत्त्व. गादीवरच्या कुस्तीत आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ न लावताही गुणांवर जिंकता येते. तेथे चपळाई आणि हिशेब यांना भाव अधिक.

या दोन्ही जगांत वावरलेले मल्ल आपल्याकडे झाले. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळविले. मारुती मान्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. मातीवरही दोघे हिंदकेसरी : आंदळकर १९६० चे, माने १९६४ चे. गामाशी जोड लावायचीच, तर या दोघांपैकी कोणाचीही लावावी, ती शोभेल. पण मानेविरुद्ध खाशाबा ही जोड लावणे अन्यायाचे होय. माने ९७ किलोंच्या गटातले, खाशाबा ५७ किलोंच्या. चाळीस किलोंचा फरक कोणत्याही डावाने भरून निघत नाही.

माती आणि गादी यांचा झगडा आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत एकदा रंगला. १९७७ साली बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला मातीत हरविले, आणि महाराष्ट्रात दिवाळी झाली. ती कुस्ती सांगताना आजही आपल्या मंडळींचा ऊर भरून येतो. पुढची गोष्ट मात्र आपण सहसा सांगत नाही. सतपालने १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले. नंतर छत्रसाल स्टेडियममध्ये गादीवर पोरे घडविली. सुशीलकुमार, रवी दहिया, अमन सहरावत हे ऑलिंपिक पदकविजेते त्याच आखाड्यातून बाहेर पडले. बेळगावची कुस्ती आपण जिंकलो, आणि त्यानंतरची पन्नास वर्षे दिल्ली-हरियाणाने जिंकली, असे म्हटल्यास कोणी रागावू नये.

आता आमच्या मते न्यायाने लावता येईल अशी एकच जोड उरते : खाशाबा जाधव आणि अमन सहरावत. दोघेही फ्रीस्टाइलचे, दोघेही ५७ किलोंचे, दोघांनाही कांस्यपदक. एकाला १९५२ साली हेलसिंकीत, दुसऱ्याला २०२४ साली पॅरिसमध्ये. मधे ७२ वर्षे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडनला सहावे आले होते. हेलसिंकीच्या वेळी प्रवासखर्चासाठी त्यांना गावोगाव वर्गणी मागावी लागली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. तेथे जपानच्या इशीशी झुंजून दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभे करण्यात आले. मधली विश्रांती नियमाने त्यांच्या हक्काची होती. पण ती मागायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता, असे सांगतात. आयुष्य सरकारी कचेरीत काढलेल्या आम्हांला हे वाक्य वाचताना मान खाली घालावीशी वाटते. एक माणूस जागेवर असता, तर पदकाचा रंगही कदाचित निराळा असता.

आणि पॅरिस? उपांत्य फेरीत हरल्यावर अमनचे वजन ६१.५ किलो भरले. सकाळपर्यंत साडेचार किलो उतरवायचे होते. दोन प्रशिक्षक रात्रभर त्याच्यासोबत जागले, त्याला झोपू दिले नाही, आणि दहाएक तासांत वजन आटोक्यात आणले. दुसऱ्या दिवशी त्या एकवीस वर्षांच्या पोराने पदक घेतले. अकराव्या वर्षी आईबापांना पारखा झालेला हा मुलगा. त्याच्या कष्टांना कोण कमी लेखील?

ही जोड लागलीच, तर निकाल काय? आजच्या नियमांनी, आजच्या गादीवर, १९५२ चे खाशाबा जसेच्या तसे उतरविले, तर अमन जिंकेल, असे आमचे प्रांजळ मत आहे. परंतु खाशाबांना तोच आहार, तीच गादी, तेच सराव आणि रात्रभर जागणारी ती दोन माणसे द्या; मग आम्ही आमची सुपारी कऱ्हाडच्या बाजूने ठेवू.

खाशाबा १९५५ साली पोलिस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले आणि १९८४ साली रस्त्यावरील अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास २०२४ उजाडावे लागले. तेही कुस्तीत नव्हे, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्निल कुसाळेच्या नेमबाजीत.

आपले मंडळ वर्गणीवर चालते. वर्गणीची पावती-पुस्तके घेऊन दारोदार जाणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. म्हणून पुढच्या खेपेस खुर्च्या एकत्र आल्या आणि गामा-आंदळकरांचा वाद रंगात आला, की मुलांनाही जवळ बसवून घ्यावे, आणि त्यांना आधी गोळेश्वरची गोष्ट सांगावी. ती कुस्ती तरी खरोखर झाली होती.