बुऱ्हाणपूरचे अली मुत्तकी

मागच्या भागात आपण असीरगडाचा वेढा पाहिला. आजचा माणूस त्याच मुलखातला, पण लेखणीचा.

जबलपूरहून भुसावळकडे निघालं की इटारसी, खंडवा मागे टाकून गाडी बुऱ्हाणपुरात येते. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही राजधानी. गावाचं नावच मुळी खुलदाबादला चिरनिद्रा घेतलेल्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफींवरून पडलं. ताजमहालची मुमताज १६३१ मध्ये इथंच वारली, हे गाइड आवर्जून सांगतात. पण १४८०च्या सुमारास इथं जन्मलेल्या अली मुत्तकींचं नाव काढत नाहीत. अरबी जगात मात्र हा माणूस 'अल-हिंदी' म्हणून आजही वाचला जातो.

त्यांचं घराणं मूळ जौनपूरचं. वडिलांनी लहानपणीच त्यांना बुऱ्हाणपूरच्या शेख बाजन या चिश्ती सूफींच्या पायाशी नेलं. पुढे अली शिकायला मुलतानला गेले, तिथून गुजरातेत आले. १५३५ मध्ये हुमायूनने गुजरातवर स्वारी केली, त्या धामधुमीच्या काळात त्यांनी मक्का गाठली. मधे गुजरातेत येऊन गेले खरे, पण घर मक्केतच झालं. १५६७ मध्ये तिथंच वारले.

आता त्यांचं काम. हदीस म्हणजे पैगंबरांचं बोलणं आणि वागणं, एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत आलेलं. त्यामुळे प्रश्न दोन: काय सांगितलं, आणि कोणाकडून आलं? फौजेत खबर आली की आम्ही खबऱ्याचा भरवसा वेगळा तोलतो आणि खबर वेगळी तोलतो. भरवशाचा माणूसही कधी चुकीची खबर आणतो. हदीसच्या पंडितांनी ही शिस्त हजार वर्षांपूर्वीच बसवली होती, आणि सांगणाऱ्यांच्या चरित्रांचे खंडच्या खंड लिहून ठेवले होते.

इजिप्तच्या सुयूतींनी (मृत्यू १५०५) जमेल तेवढ्या हदीसांचा प्रचंड साठा केला. पण वचनांची मांडणी पहिल्या अक्षरावरून! म्हणजे वचनाची सुरुवात पाठ असेल तरच ते सापडणार. कोठारात माल भरपूर, पण कुठल्या फळीवर काय, हे फक्त कोठीवाल्याला ठाऊक, अशी गत. मुत्तकींनी तो सगळा साठा विषयवार लावला. व्यापार, विवाह, प्रवास, जो विषय हवा तो काढा, त्यावरची वचनं एका जागी. आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या ग्रंथातून आलं त्याचं सांकेतिक अक्षर. हा ग्रंथ 'कन्झुल उम्माल'. त्यात ४६,००० हून अधिक नोंदी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो हैदराबादच्या दाइरतुल मआरिफने छापला. यात कच्च्या, दुबळ्या हदीसाही भरपूर आहेत, तेव्हा 'कन्झमध्ये आहे' एवढ्यावर कोणी वाद जिंकू पाहिला तर ऐकू नका. कोश म्हणून तो वापरायचा असतो.

दिल्लीचे अब्दुल हक हे मुत्तकींच्या शिष्याचे शिष्य. ते लिहितात की मुत्तकी विद्यार्थ्यांसाठी स्वतःच्या हातांनी शाई बनवत, आणि दुर्मिळ पुस्तकांच्या नकला करून ती जिथे नसतील तिथे पाठवत. मला त्यांचं हे रूप ग्रंथाहूनही जास्त आवडतं.

पण त्यांचं दुसरं रूप टाळून पुढे जाणं बरोबर नाही. जौनपूरच्याच सय्यद मुहम्मदांनी आपण महदी, म्हणजे शेवटच्या काळी येणारा मार्गदर्शक असल्याचं जाहीर केलं होतं. त्यांचे अनुयायी महदवी. गुजरातेत त्यांचा जोर वाढला तेव्हा मुत्तकींनी त्यांच्याविरुद्ध पुस्तक लिहिलं, हदीसांचेच पुरावे मांडून. इथवर तो विद्वानांचा वाद होता. पण त्यांनी मक्केतल्या चारही पंथांच्या मुफ्तींकडून फतवे मिळवले, आणि त्यांत पश्चात्ताप न करणाऱ्याला देहदंडापर्यंतची भाषा होती. शाई वाटणाऱ्या हातांनीच हेही केलं. काळ तसा होता म्हणून मी ते सोडून देणार नाही. महदवी साधी राहणी आणि मिळेल ते वाटून खाणं मानणारे लोक होते. मुत्तकी स्वतःही तसेच राहत. झगडा राहणीचा नव्हता, प्रमाण कोणाचं मानायचं याचा होता.

त्यांचे शिष्य पाटणचे मुहम्मद ताहिर हेही मोठे हदीस-पंडित. त्यांनी महदवींविरुद्धचं काम पुढे चालवलं आणि १५७८ मध्ये अकबराकडे निघाले असताना उज्जैनजवळ मारले गेले.

आणि महदवी संपले का? मुळीच नाही. १५८९ मध्ये अहमदनगरची सगळी सत्ता जमालखानाच्या हाती गेली, आणि तो कट्टर महदवी होता. त्याच्यावर चालून जाणाऱ्यांना साथ दिली ती खानदेशच्या राजा अलीखान फारुकीने, म्हणजे मुत्तकींच्याच बुऱ्हाणपूरच्या सुलतानाने. १५९१ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यात रोहिणखेडला गाठ पडली. जमालखान तिथं पडला. ती लढाई, नकाशासकट, पुढच्या भागात.