इंग्रजी शब्दार्थांचे पाठांतर

इंग्रजी शब्द, त्याचे स्पेलिंग व मराठी अर्थ एकत्र पाठ करून शब्दसंग्रह वाढवण्याची पद्धत. मराठी माध्यमाच्या शाळांत ती पूर्वापार रुजलेली आहे. घोकंपट्टी म्हणून तिला हिणवले जाते. पण दोष पाठांतरात नाही, शब्दांच्या निवडीत आहे. धड्यात जो शब्द अवघड दिसेल तो वहीत उतरतो, मग पुढे तो कधी भेटो वा न भेटो. निवड वापराच्या प्रमाणावरून कशी करावी, हे मायकेल वेस्ट यांच्या कामातून दिसते. ते ढाक्याला शिक्षणखात्यात होते. बंगालमधील बरीच मुले शाळा लवकर सोडत. तेवढ्या काळात त्यांना निदान वाचता यावे, ही वेस्ट यांची तळमळ होती. त्यांच्या १९५३ च्या ‘अ जनरल सर्व्हिस लिस्ट ऑफ इंग्लिश वर्ड्स’ या यादीत सुमारे २,००० शब्द आहेत आणि सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा ८० टक्क्यांच्या आसपासचा भाग त्यांनीच व्यापलेला असतो. शब्दाचा कोणता अर्थ किती टक्के वेळा येतो, हेही यादीत दिले आहे. म्हणून एका शब्दाचे दहा अर्थ एकदम रटण्याऐवजी पहिला कोणता घ्यावा, हे कळते. शालेय पाठ्यपुस्तकांतील शब्दार्थांना अशा मोजणीचा आधार असायला हवा.

मातृभाषेतला अर्थ दिल्यास विद्यार्थी इंग्रजीत विचार करायला शिकत नाही, असा प्रत्यक्ष पद्धतीच्या, म्हणजे मातृभाषा टाळून इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवण्याच्या, पुरस्कर्त्यांचा आक्षेप आहे. परंतु ज्याला तीनचारशेच शब्द येतात, त्याला इंग्रजीतून दिलेले स्पष्टीकरण आणखी अनोळखी शब्दांत अडकवते. मराठी अर्थ क्षणात पोहोचतो. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनीही मातृभाषेतील अर्थ लिहिलेल्या शब्दपत्त्यांचे समर्थन केले आहे. अर्थ झाकून आठवावा आणि उजळणी दिवसांच्या अंतराने करावी, हे मात्र आवश्यक. एका बैठकीपेक्षा विभागलेली उजळणी अधिक टिकते, हे मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच प्रयोगांनी दाखवले होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अर्थ कळला तरी शब्दाची संगत कळत नाही: इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, पाऊस मात्र ‘हेवी’. म्हणून एकट्या शब्दाऐवजी छोटा शब्दसमूह पाठ करावा. तरीही पाठांतराला मर्यादा आहेच. नेशन यांच्या अंदाजाने कादंबरी वा वृत्तपत्र विनासायास वाचण्यास आठ-नऊ हजार शब्दकुले (मूळ शब्द व त्याची साधित रूपे मिळून एक कुल) लागतात. पहिल्या दोन हजारांपुढची बहुतेक विपुल वाचनातूनच मिळवावी लागतात.