केवडा : रंग एक, दुखणी तीन



पावसाळा सरला की आमच्या भिवंडीत गच्चीवर, गॅलरीत टोमॅटोची रोपं दिसू लागतात आणि पाठोपाठ पुतण्या-भाच्यांचे फोन! "काका, पानं पिवळी पडली, काय घालू?" लगेच काही घालू नका. आधी थोडा इतिहास ऐका. (मास्तरकीची खोड, दुसरं काय!)

पिवळ्या पडलेल्या पिकाला आपल्या शेतकऱ्याचा जुना शब्द आहे, केवडा. भेंडी पिवळी पडली, केवडा. ऊस पिवळा पडला, केवडा. ज्वारी फिकटली, तरी केवडाच. नाव रंगावरून पडलं, कारणावरून नाही. आणि कारणं निघाली तीन, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली!

उसाचा केवडा म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. १८४०च्या दशकात ग्रिस नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पिवळ्या पानांना लोहाच्या क्षाराचं पाणी लावलं आणि ती हिरवी झाली. तो क्षार म्हणजे आपला हिराकस. ज्वारीचा केवडा बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाने होतो. तिथे हिराकस काय करणार?

भेंडीचं कोडं मात्र आपल्याच मुंबई इलाख्यातलं. कुलकर्णी यांनी १९२४ साली त्याची नोंद केली. तो विषाणू आहे हे उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी १९४० साली दाखवलं. पांढरी माशी तो पसरवते हे कपूर आणि वर्मा यांनी १९५० साली सिद्ध केलं. म्हणजे नोंदीपासून माशीपर्यंत २६ वर्षं! तेवढ्या काळात कितीजणांनी आजारी भेंडीला खतं घातली असतील, आणि माशी निवांत पुढच्या वाफ्यात जात असेल...

टोमॅटोच्या अशाच विषाणूची नोंद आपल्या देशात १९४८ साली झाली. वाहक तीच पांढरी माशी. शेंड्याची पानं बारीक होतात, वाटीसारखी वळतात, पिवळी पडतात. शेतकरी याला बोकड्या म्हणतात. यावर औषध नाही. पान उलटून माशी पाहा आणि रोप उपटून पिशवीत बांधून टाका. जीव तुटतो, पण शेजारच्या कुंड्या वाचतात. 'अर्का रक्षक' या संकरित जातीत या रोगाला प्रतिकारशक्ती आहे.

पण प्रत्येक पिवळं पान बोकड्याचं नसतं! शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी. खालची जुनी पानं सरसकट पिवळी, तर नत्र कमी. झाड म्हाताऱ्या पानातलं नत्र काढून कोवळ्याला देतं. (घरोघरी हेच चालतं, नाही का?) खालच्याच पानांत शिरा हिरव्या राहिल्या तर मॅग्नेशियम कमी. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमच बसलेलं असतं. तपकिरी वर्तुळं आणि भोवती पिवळेपणा दिसला तर करपा. ती पानं खुडा आणि पाणी बुंध्याशीच घाला. आणि सगळ्यात आधी कुंडीचं छिद्र बुजलंय का ते पाहा. पाण्यात गुदमरलेल्या मुळांना खत घालून काय उपयोग?

तेव्हा आता फोन करताना "पिवळं पडलं" एवढंच सांगू नका. कुठलं पान, वरचं की खालचं, शिरा कशा आहेत, तेही सांगा.

असो. तुमच्या गावाकडे पिवळ्या पडलेल्या पिकाला काय म्हणतात? जरूर कळवा. हे शब्द जमवायचा विचार आहे.