गोवा मुक्त झाला आणि तीन महिन्यांत मराठी दैनिक निघालं!

सालाझारच्या राजवटीत गोव्यात मजकूर छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावा लागे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि २४ मार्च १९६२ रोजी दैनिक ‘गोमन्तक’ सुरू झालं. भांडवल खाण उद्योजक चौगुले यांचं, पहिले संपादक बा. द. सातोस्कर.

पुढे गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का, यावर वाद पेटला. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने होता, तर ‘राष्ट्रमत’ हे दुसरं मराठी दैनिक विरोधात. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. सेन्सॉर जाऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. पण मत देण्याआधी दोन्ही बाजू गोवेकरांना मराठीतच वाचता आल्या.