ज्ञानोदयाच्या काळातील देव : डीइझम आणि निरीश्वरवाद

युरोपच्या इतिहासात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या कालखंडास ज्ञानोदयाचा काळ असे म्हटले जाते. या काळातील विचारवंत सरसकट नास्तिक होते, असा समज आपल्यामध्ये बराच रूढ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. ख्रिस्तसभेवर टीका करणाऱ्या या विचारवंतांमध्येच देवाच्या अस्तित्वाविषयी तीव्र मतभेद होता. त्याचे स्वरूप आपण येथे थोडक्यात पाहू.

दोन मते

विश्वाचा एक निर्माता आहे हे बुद्धीच्या आधारे मान्य करणे, परंतु प्रकटीकरण, चमत्कार व धर्मसंस्थेचा अधिकार नाकारणे, या मतास डीइझम म्हणतात. मराठीत यासाठी 'केवलनिमित्तेश्वरवाद' असा शब्द योजला जातो. घड्याळजी घड्याळ तयार करून त्याला चावी देतो आणि पुढे ते आपोआप चालते. या मताचा देवही काहीसा तसाच आहे. इंग्लंडमध्ये चर्बरीचे लॉर्ड हर्बर्ट (१६२४), जॉन टोलंड (१६९६) आणि मॅथ्यू टिंडल (१७३०) यांच्या ग्रंथांतून हा विचार पुढे आला. न्यूटन यांच्या 'प्रिन्सिपिया' (१६८७) या ग्रंथाने विश्वातील नियमबद्धता दाखवून दिल्यावर त्यास अधिक बळ मिळाले.

निरीश्वरवाद याही पुढे गेला. जडद्रव्य व त्याची गती यांशिवाय विश्वाला कोणत्याही निर्मात्याची गरज नाही, असे त्याचे म्हणणे. फ्रान्समध्ये बॅरन डॉल्बाक यांनी १७७० साली 'निसर्गाची व्यवस्था' या ग्रंथात हे मत मांडले. शिक्षेच्या भयाने तो ग्रंथ एका दिवंगत लेखकाच्या नावाने प्रसिद्ध करण्यात आला.

या ग्रंथाचा प्रतिवाद त्याच वर्षी कोणी केला? ख्रिस्तसभेचे कट्टर टीकाकार व्हॉल्टेअर यांनी! फेर्ने येथील आपल्या जहागिरीत त्यांनी १७६१ साली चर्च नव्याने बांधले आणि दर्शनी भागावर कोणत्याही संताचे नाव न घालता केवळ देवाचे व स्वतःचे नाव कोरवून घेतले. झां मेलिए हे एत्रेपिन्यी गावचे धर्मगुरू १७२९ साली मरण पावले, तेव्हा देवाचे अस्तित्वच नाकारणारे त्यांचे हस्तलिखित मागे सापडले. व्हॉल्टेअर यांनी १७६२ साली त्याचा संक्षेप छापला. मात्र त्यातील निरीश्वरवाद गाळून टाकला आणि मेलिए यांना डीइझमचे पुरस्कर्ते म्हणून वाचकांपुढे उभे केले.

वादाच्या केंद्रस्थानी दोन धर्मगुरू

ग्रहगोल नियमांनी फिरतात हे समजले होते; परंतु जीवसृष्टी कोठून आली याचे उत्तर तत्कालीन विज्ञानाकडे नव्हते. जॉन नीडम या इंग्लिश कॅथलिक धर्मगुरूंनी मेंढीच्या मांसाचा गरम रस्सा बाटलीत बंद करून ठेवला. काही दिवसांनी त्यात सूक्ष्म जीव दिसले. निर्जीव पदार्थातून जीव उत्पन्न होतो, असा निष्कर्ष त्यांनी १७४८ साली प्रसिद्ध केला. डॉल्बाक यांनी नीडम यांच्या निरीक्षणांचा आधार घेतला, तर व्हॉल्टेअर यांनी नीडम यांची यथेच्छ खिल्ली उडवली. लाझारो स्पालांझानी या इटालियन धर्मगुरूंनी बाटल्यांची तोंडे काच वितळवून बंद केली आणि त्या अधिक वेळ उकळल्या. तेव्हा जीव दिसले नाहीत (१७६५). नवलाची गोष्ट अशी की, प्रयोगाचे फळ काहीही निघो, या दोन्ही धर्मगुरूंना आपल्या श्रद्धेस त्यापासून धोका आहे असे वाटले नाही.

पुढे काय झाले?

१८६० च्या सुमारास लुई पाश्चर यांच्या प्रयोगांनी स्पालांझानी यांच्या बाजूने कौल दिला. परंतु त्याच सुमारास, १८५९ साली, चार्ल्स डार्विन यांनी जीवजातींच्या रचनेचे नैसर्गिक स्पष्टीकरण मांडले आणि डीइझमचा मुख्य आधार डळमळला. एका प्रश्नाचे उत्तर म्हणून मानलेला देव दुसरे उत्तर मिळताच अनावश्यक ठरू लागला.

आपल्यासाठी अर्थ

निसर्गातील घटना नैसर्गिक कारणांनी घडतात आणि त्या कारणांचे अस्तित्वच परमेश्वरावर अवलंबून आहे, ही संत थॉमस अक्वायनस यांची तेराव्या शतकातील शिकवण. म्हणून परमेश्वर हा विज्ञानाच्या साखळीतील हरवलेला दुवा नव्हे. निर्मितीवरून बुद्धीला परमेश्वराचे ज्ञान होऊ शकते, असे पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० साली शिकवले. संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ च्या 'श्रद्धा आणि बुद्धी' या परिपत्रकात या दोहोंचे नाते पुन्हा विशद केले.

डीइझमचे अनुयायी विश्वाच्या निर्मात्यापर्यंत पोहोचले, ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्यांचा देव आजाऱ्याच्या उशाशी केलेली प्रार्थना ऐकत नाही, क्षमा करीत नाही आणि मानवाचे दुःख स्वतः भोगत नाही. आपली मुले महाविद्यालयातून 'देव कशाला हवा?' असा प्रश्न घेऊन घरी येतात, तेव्हा विज्ञानाला अद्याप न उलगडलेल्या गोष्टींची यादी त्यांच्यापुढे ठेवणे पुरेसे नाही. ती यादी उद्या कमी होईल. ख्रिस्तामध्ये मानव झालेल्या देवाविषयी आपण त्यांच्याशी बोलावे, असे आम्हांस वाटते.